जीव घाबरा होणं

धोंडप्पाच्या एका पत्राला मी कित्येक महिने उत्तर दिलं नव्हतं. साधंच निळं अंतर्देशीय पत्र होतं. धोंडप्पा आमच्या बसवकल्याणच्या बस डेपोत होता आणि संध्याकाळी वाचनालयात यायचा. वाचनालय मी सांभाळायचो, म्हणून ओळख झाली आणि मग मैत्री. निवृत्तीनंतर तो आणि त्याची बायको यल्लम्मा मुलाकडे भोसरीला गेले. त्याला कानानं फार कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर बोलणं जमत नाही. पत्रात त्यानं चौथ्या मजल्यावरच्या घराबद्दल आणि नातवाच्या शाळेबद्दल लिहिलं होतं. शेवटी, कागदाच्या कडेला, दोन वाक्यं होती : "रेणुकावहिनींच्या छातीचं काय निघालं? एका ओळीत कळव."

तीच एक ओळ मला जमेना.

मी लिहिलं, "काही निघालं नाही." मग खोडलं. कारण ते वाचून धोंडप्पाला वाटलं असतं की ती बरी आहे, आणि ती तर माझ्यासमोर चुलीपाशी बसून, भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवून श्वास गोळा करत होती. मग लिहिलं, "अजून त्रास होतो." तेही खोडलं. कसला त्रास, असं त्यानं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं नीट लावून ठेवली. स्वतःचं वाक्य लावायची वेळ आली की मला घाम फुटतो.

त्रासाची सुरुवात येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी झाली. दोन हजार आठ नुकतंच लागलं होतं. आमच्याकडे येळवशीला सगळं गाव शेतात जेवायला जातं. रेणुका डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन पुढे चालली होती. बांधाशी आल्यावर तिनं मडकं उतरवलं आणि खाली बसली. थंडीचे दिवस, तरी कपाळावर घाम.

"काय झालं गं?"

"जीव घाबरा व्हायलाय वो. बसू द्या घडीभर."

"दुखतंय का कुठं?"

"दुखत न्हाई. जीव घाबरा व्हायलाय."

थोड्या वेळानं उठली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढली, सगळ्यांना आग्रह केला. मीही विसरलो. पण मग ते वारंवार व्हायला लागलं. पाण्याची घागर उचलली की, कधी नुसतं कुणाशी जरा वर आवाजात बोलली की, कधी तर पहाटे अंथरुणातच. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली. गॅस आहे म्हणाले. शेवटी मुलगा मल्लेश हैदराबादहून आला. तो तिथं औषधाच्या कारखान्यात आहे. त्यानं तिला गुलबर्ग्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही पिशवी धरून गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले होते. बाहेर माणसं भिंतीला टेकून उभी होती, तरी त्यांनी आमच्यावर चिडचिड केली नाही. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, काय होतंय अम्मा? आणि रेणुकानं कन्नडमध्येच उत्तर दिलं. तिचं कन्नड पाण्यासारखं आहे. बाजारात ती त्या भाषेत भाव करते, थट्टा करते, भांडतेसुद्धा. मी कन्नड वर्तमानपत्र रोज वाचतो, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

"गाबरी आगतद्री डॉक्टर," ती म्हणाली. "भाळ गाबरी आगतद." भाळ म्हणजे फार.

"नोवु?" त्यांनी विचारलं. म्हणजे, दुखतं का?

"नोवु इल्ल."

नाही, दुखत नाही. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, किती सुरेख बोलते ही.

मनगटातून नळी घालून त्यांनी अँजिओग्राफी केली. डॉक्टर हसतच बाहेर आले. हृदयाच्या तिन्ही मोठ्या वाहिन्या स्वच्छ. मल्लेशनं तिथंच पेढे घेतले. रिपोर्ट इंग्रजीत होता, तो मी घरी येऊन चष्मा पुसून वाचला. शेवटच्या ओळीत अँग्झायटी लिहिलं होतं. मनाची भीती. त्यासाठी झोप येणारी गोळी.

दारात येणाऱ्याला रेणुका स्वतःच सांगायची, "काय निघालं न्हाई बघा!" पहिले काही दिवस तिला खरंच आनंद झाला होता. मल्लेश फोनवर म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नको बघ आता."

"टेन्शन कशाचं रे? तू दोन येळ जेवायलास. तुझे वडील पुस्तकात तोंड घालून गप हायत. मला कामून टेन्शन येतंय?"

"तरी पण घेऊ नको."

"बरं बाबा, न्हाई घेत."

गोळीनं ती दुपारभर झोपायची. त्रास मात्र तसाच येत राहिला. फरक एवढाच पडला की तिनं सांगणं बंद केलं. पूर्वी निदान म्हणायची, जीव घाबरा व्हायलाय. आता ती भिंतीला हात लावून उभी राही आणि कोनाड्यात काहीतरी शोधत असल्यासारखं करी. मी विचारलं, "काय शोधतेस?" की म्हणे, "काडीपेटी." काडीपेटी तिच्या समोरच असे.

एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "खरं सांगा. माझं डोकं बिघडलंय का?"

"छे. भलतंच काय!"

"मग रिपोट खोटा हाय का?"

रिपोर्ट खोटा नव्हता. ती तर खोटी नव्हतीच. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवायच्या हे मला कळत नव्हतं. मला भीती याची वाटायला लागली की पुढचा झटका मोठा असेल आणि तेव्हाही ती काडीपेटीच शोधत राहील.

कोडं सुटलं ते शेजारच्या चन्नव्वामुळे, आणि तेही थट्टेत. चन्नव्वा कन्नड घरातली. रेणुकाची आणि तिची दिवसभर गंमत चालते, एक मराठीत बोलते, दुसरी कन्नड मिसळून. त्या दिवशी चन्नव्वा ताटलीत मीठ, मिरच्या आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन आली.

"यक्का, बस इथं. उतरवून टाकते."

"काय उतरवतीस? माझी नथ?"

"तुझी गाबरी. समदी आळी म्हणायली, रेणुकाक्काला गाबरी आग्यादंत. खरं सांग, कशाला भ्यालीस? कुत्रं अंगावर आलं का मसणाकडनं येताना काय बघितलंस?"

रेणुकाला हसू आवरेना. "अगं, मी न्हाई भ्याले कुणाला! तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकून न्हाई भ्याले, तर कुत्र्याला भिऊ?"

"मग गाबरी कशी?"

"जीव घाबरा व्हतोय!"

"तेच की. गाबरी."

"तेच न्हाई गं येडे! भ्यालं तर माणूस पळतंय. माझा जीव घाबरा झाला तर मला पाऊल उचलंना."

"मग असं म्हण की. तू तर सगळ्याला गाबरी सांगत फिरायलीस."

मी ओसरीवर पेपर वाचत होतो. पेपर तसाच मांडीवर राहिला. कन्नडात गाबरी म्हणजे भीती, धांदल. मराठीत जीव घाबरा होणं म्हणजे छातीत कोंडणं, श्वास पुरेनासा होणं, आत काहीतरी चाललंय आणि ते आवरत नाही, असं होणं. दोन्ही शब्द बहिणी दिसतात, पण त्यांची घरं वेगळी. रेणुकानं एका घरातला शब्द सरळ उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवला होता, आणि डॉक्टरांनी तो तिथल्या अर्थानं घेतला. त्यांनी विचारलं होतं बरोबर, तिनं सांगितलं होतं खरं, आणि कागदावर भलतंच उतरलं.

मिरच्या उतरवून झाल्यावर चन्नव्वानं त्या चुलीत टाकल्या. आम्ही तिघं खोकत बसलो. मला मात्र लगेच शंका यायला लागली. मी कोण सांगणारा? नळी घालून आत बघितलेल्या माणसाला मी शब्दाचा अर्थ शिकवणार? वाचनालयात पोरं मला हळूच "शब्दकोश" म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हतं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी रेणुका पुन्हा काडीपेटी शोधताना दिसली, तेव्हा म्हणालो, "बिदरला हृदयाच्या एक बाई डॉक्टर आहेत म्हणतात. एकदा जाऊ."

"पुन्हा कशाला? पुन्हा म्हणतील काय न्हाई, आन मी पुन्हा येडी ठरीन."

"एकदा. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी कामून? व्हायलंय मला!"

"तेच तिथं सांग."

तिनं समोरची काडीपेटी उचलली. मग म्हणाली, "बसमधी खिडकी मला पायजे."

डॉक्टर मंजुश्री चाळिशीच्या आत-बाहेर असतील. घरी तेलुगू बोलणाऱ्या, पेशंटशी इकडची दखनी हिंदी. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. अँजिओग्राफीची सीडीही बाजूला ठेवली.

"अम्मा, कागज मैं बाद में देखती. पहले तुम बोलो. क्या होता?"

रेणुकानं पदर सारखा केला. "कुछ नै. अच्छी हूँ."

"फिर आए कायको?"

"ये लाए," माझ्याकडे बोट.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बसमध्ये मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, ते पार विस्कटलं. मी कसंबसं म्हणालो, "मॅडम, एक शब्द चुकला आहे. हिनं गाबरी सांगितलं. पण ती भीती नाही." एवढं मराठीत झालं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना मराठी पुरतं कळत नसेल, म्हणून मी पुस्तकी हिंदीवर गेलो. "इनको भय नहीं होता. इनके वक्षस्थल में एक प्रकार का दडपण, अर्थात..."

"वक्षस्थल!" रेणुका उसळली. "काय बोलायलाव वो तुमी? दडपण म्हणं. दडपण परीक्षेचं आसतंय."

"मग तू सांग ना."

"सांगते की!" ती डॉक्टरांकडे वळली, आणि दखनी, मराठी, जे सापडेल ते घेऊन सुटली. "बाई, माझं माहेर चिंताकीचं. आमच्यात घोंगडी विणतात. विणून झाली की चिंचोक्याची खळ लावायची आन वाळत टाकायची. त्या वल्ल्या घोंगडीचं वजन दोन माणसाला उचलत न्हाई. ती भीगी हुई घोंगडी कुणी इथं टाकून जातंय." तिनं छातीवर पंजा पसरला. "मग हितनं वर जबड्यात येतंय, दाढ ठणकल्यागत. पाठीला, या दोन फऱ्यांच्या मधी. डावा हात जड. वकारी आल्यावानी व्हतंय. ते डॉक्टर इचारले दुखतंय का. दुखणं म्हंजे विंचू चावला, काटा रुतला. हे दुखणं न्हाई. हे वजन हाय."

डॉक्टर लिहीत होत्या, त्या थांबल्या. "कब कब?"

घागर उचलताना, जिना चढताना, पहाटे, मल्लेशचा फोन आला नाही की. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. रेणुका सांगत होती आणि मी ऐकत होतो. यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी पाळी कधी बंद झाली विचारलं तेव्हा मी उठून बाहेर जायला लागलो.

"बैठो अप्पा," त्या म्हणाल्या. "तुम भी सुनो."

मग तिला चालत्या पट्ट्यावर चढवलं. छातीला तारा, साडी खोचलेली. "हे यंतर चालतंय आन मीबी चालायले," ती म्हणाली, "पण पोचायचं कुठं?" नर्स हसली. थोड्या वेळानं रेणुका बोलायची थांबली. चेहरा उतरला. डॉक्टरांनी तिचा हात धरला.

"अभी?"

"आली. घोंगडी आली."

यंत्रातून कागद सरकत होता, आणि त्यावरच्या रेघा, मलासुद्धा कळावं इतक्या, खाली वाकल्या होत्या. पट्टा लगेच थांबवून त्यांनी तिला झोपवलं, जिभेखाली फवारा मारला. मी तिच्या पायाशी उभा होतो. एरवी चारचौघांत मी तिला हात लावत नाही. त्या दिवशी तिच्या तळव्यांवर हात ठेवला. गार होते.

मग डॉक्टरांनी सीडी लावली. काळ्या पडद्यावर नदीच्या फाट्यांसारख्या वाहिन्या. "देखो, वो डॉक्टर गलत नै. बड़ी नाड़ियाँ साफ हैं. पर दवा का रंग देखो, कितना आहिस्ता जारा." रंग खरंच रेंगाळत होता, शेवटपर्यंत पोचायला कंटाळल्यासारखा. त्यांनी समजावलं : मोठा पाट स्वच्छ असला तरी वाफ्यावाफ्यातल्या सऱ्यांना पाणी पोचायला हवं. हृदयाच्या अगदी बारीक वाहिन्या फोटोत दिसत नाहीत. काम वाढलं की त्या मोकळ्या व्हायला हव्यात. हिच्या होत नाहीत. बायकांत हे जास्त आढळतं, आणि बायकांनाच जास्त वेळा सांगितलं जातं की काही नाही.

"त्या सऱ्या बघायचं यंत्र आहे का?" मी विचारलं.

"है, बड़े शहर में. इधर नै. इधर मेरे कू अम्मा से ही पूछना पड़ता. दवा भी वैसीच. एक के कू लगती वो दूसरी के कू नै लगती. तुम बोलना अम्मा, मैं बदलती जाऊँगी. चुप नको बैठो."

रेणुका मान खाली घालून बसली होती. मला वाटलं दमली. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "बघा," ती मला म्हणाली, "माझं खरं व्हतं."

त्या वर्षी आम्ही बिदरला बऱ्याच वेळा गेलो. पहिल्या गोळीनं नाडी इतकी मंद झाली की ती उठायलाच तयार होईना. तिनं सांगितलं, डॉक्टरांनी बदलली. दुसरीनं छाती हलकी झाली पण घोट्यांवर सूज आली. जोडवी रुतायला लागली, असं तिनं सांगितलं. मात्रा कमी केली, जोडीला दुसरी दिली. पहाटेच्या त्रासासाठी एक गोळी निजतानाची केली. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. रोज थोडं चालायला सांगितलं, तेही तिच्या चालीनं. त्रास पुरता गेला नाही. डॉक्टरांनी तसं वचन दिलंही नव्हतं. पण घागर आता मी भरतो, आणि ती अर्धी भरली तर तिथूनच ओरडते, "पुस्तकं उचलून हात गेले का तुमचे?"

चन्नव्वाला तिनं शिकवून टाकलंय की डॉक्टरपुढे गाबरी म्हणायचं नाही, वजन म्हणायचं.

मागच्या आठवड्यात मी धोंडप्पाला लिहायला बसलो. एका ओळीत जमलं नाही. चार कागद झाले. वाचून पाहिलं तर पाल्हाळ वाटला, फाडावेसे वाटले. रेणुका म्हणाली, "वाचा की मोठ्यानं." मी वाचलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

"समदं बरूबर लिहिलंय," ती म्हणाली. "पण यल्लम्मावैनीचं एक अक्षर न्हाई. चौथ्या मजल्यावर चढतीय ती रोज. तिला कुणी इचारलं का, चढताना तुला काय व्हतंय?"

मी शेवटी लिहिलं : "यल्लम्मावहिनींना जिना चढताना काय होतं, ते त्यांनाच विचार, आणि त्या म्हणतील त्याच शब्दांत मला कळव." पाकीट चिकटवलं.

पोस्टाकडे निघालो तर तीही चप्पल घालून आली, मेथी आणायची म्हणून. कापडबाजाराच्या चढावर ती अचानक थांबली.

"थांबा वो. आलंय."

एवढ्या मोठ्यानं म्हणाली की दोन माणसं वळली. कापडदुकानाच्या पायरीवर ती सरळ बसली. मी पिशवीतली डबी काढली, तिनं गोळी जिभेखाली ठेवली. दुकानदार अमृतप्पा गल्ल्यावरून उठून आला.

"काय झालं अक्का? चक्कर आली?"

"चक्कर न्हाई. काळजाच्या बारीक नसा हायत माझ्या, चढाला अडतात. घडीभर बसते. पाणी आसंल तर द्या."

दूरच्या नातेवाइकाचा स्वभाव सांगावा तसं तिनं सांगितलं. अमृतप्पानं तांब्या आणला, पंखा तिच्याकडे वळवला. मी शेजारी बसून राहिलो. माणसं जात-येत होती. पूर्वी मला अशा वेळी जमिनीत शिरावंसं वाटलं असतं. हळूहळू तिच्या गालावर रंग आला.

"उतरायलंय," ती म्हणाली. "तुमी कामून बसलाव? पोस्टमन पेटी खोलून जाईल की."

"तू एकटी..."

"एकटी कुठं? हे दुकान भरलंय माणसानं. आन यांच्याकडं नवी लुगडी आल्यात वाटतं. जावा तुमी."

मी उठलो. पेटी कोपऱ्यावरच होती, तरी दोनदा मागे वळून पाहिलं. ती अमृतप्पाला कुठल्या तरी लुगड्याचा काठ उलगडायला लावत होती. पाकिटावरचा पत्ता मी पुन्हा एकदा वाचला, आणि ते पेटीत टाकलं.